चौदा निळ्या, एक तपकिरी

"फावडं घेऊन बसमध्ये चढता येणार नाही," असं तिकिटाच्या खिडकीतल्या बाईनं तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा व्हर्लीन टॅकिटनंही तिसऱ्यांदा सांगितलं, की ते फावडं नाही, आईची काठी आहे.

काठी चांगली साडेचार फूट लांब होती आणि खाली तिला वीतभर रुंदीचं पातं होतं. शुक्रवारी दुपारी व्हर्लीननं ते अंगणात बसून कानशीनं घासलं होतं, इतकं की उन्हात डोळे दिपावेत. चौऱ्याऐंशी वर्षांची ओलिटा दांड्यावर दोन्ही हात ठेवून, काठीवर भार टाकावा तशी उभी होती.

"मॅम, काठीला पातं नसतं," बाई म्हणाली.

"माझ्या काठीला आहे," ओलिटा म्हणाली. "तुझ्या जिभेलाही आहे. मी तक्रार केली का?"

मागच्या रांगेतलं कुणीतरी फस्सकन हसलं. शेवटी बसचा ड्रायव्हर मधे पडला. "माझ्या सीटमागे ठेवतो, आजी, उतरताना घ्या," म्हणाला आणि फावडं घेऊन गेला. ओलिटा त्याच्याकडे असं बघत राहिली, जणू त्यानं तिच्या पायातले बूटच काढून नेले होते.

या दोघींवर बसनं यायची वेळच यायला नको होती. टर्की हॉलोच्या या खोऱ्यात व्हर्लीनचा जन्म झालेला. राष्ट्राध्यक्षांची रँच राष्ट्राध्यक्षांची व्हायच्या आधीपासून तिची माणसं त्या डोंगरांवर सीडरची झाडं तोडत होती, कुंपणाचे खांब विकत होती आणि मरत होती. मेलेल्यांना जागा होती रँचच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, एका म्हाताऱ्या ओकच्या झाडाखाली. एकोणीस कबरी. कुणाच्या डोक्याशी सीडरचा क्रूस, कुणाच्या डोक्याशी नदीतला धोंडा. नाव कोरून घ्यायची ऐपत कुणाचीच नव्हती, आणि गरजही नव्हती, कारण कोण कुठे आहे ते सगळ्यांना पाठ होतं.

दर एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सगळी घरं फावडी घेऊन मागच्या फाटकातून आत यायची. खोऱ्यात तेव्हा कबरीवर गवत दिसणं ही शरमेची गोष्ट होती. गवत उगवलं म्हणजे मागे कुणी उरलं नाही असा अर्थ. म्हणून तणाची काडी न् काडी खरवडून काढायची, माती झाडून घ्यायची, थापून उंचवटा करायचा. मग ओकखाली चादरी पसरून तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, मसाला भरलेली अंडी. जिवंत माणसं मेलेल्यांच्या उशाशी बसून जेवायची आणि एकमेकांची उणीदुणी काढायची.

ओकला सगळ्यात जवळची, सगळ्यात छोटी कबर रॉइसची. ओलिटाचा पहिला मुलगा. तीन वर्षांचा असताना घटसर्पानं गेला, एकोणीसशे अठ्ठावन्न साली. व्हर्लीन त्यानंतर दोन वर्षांनी जन्मली. तिनं भावाला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्यावरचं मातीचं छप्पर दरवर्षी तिनं झाडलं होतं. रॉइसला पुरलं त्या दिवशी रँचचा मालक, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, हातात टोपी धरून ओकखाली उभा राहिला होता आणि म्हणाला होता, "ओलिटा, हा कोपरा तुमचा. तुमच्यातला शेवटचा माणूस इथे येऊन झोपेपर्यंत तुमचा." लिहून दिलं नाही. अशी गोष्ट लिहून द्यायला कोण सांगतं?

तो गेला, त्याची मुलं गेली, आणि सहा वर्षांपूर्वी रँच एका प्रतिष्ठानाकडे आली. त्या एप्रिलला मागच्या फाटकाला नवंकोरं कुलूप होतं. व्हर्लीन तेव्हा फाटकाशी दोन मिनिटं उभी राहिली आणि परत फिरली, कारण दुपारी शाळेच्या भटारखान्यात शनिवारच्या सामन्यांना आलेल्या दीडशे पोरांचं जेवण तिच्याकडे होतं. पुढच्या वर्षी बघू, म्हणाली. पुढच्या वर्षी आईचं कंबरेचं हाड मोडलं. मग नवऱ्याचं आजारपण निघालं. प्रतिष्ठानावर तिचा जेवढा राग होता, त्यातला एक वाटा त्या फिरलेल्या पाठीवर होता, आणि तो कुणावर काढता येत नव्हता.

या हिवाळ्यात डॉक्टरनं ओलिटाच्या हृदयाचं चित्र दाखवलं आणि म्हणाला, उन्हाळा काढतील असं वाटत नाही.

"मग मला रॉइसच्या डाव्या अंगाला टाक," ओलिटा पिकअपमध्ये बसता बसता म्हणाली. "तुझा बाप ओडेसातल्या कबरीत दुसऱ्या बायकोच्या कुशीत पडलाय, तिथे मला नेलंस तर उठून बसेन."

व्हर्लीननं प्रतिष्ठानाला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं. जाड कागद, वर रँचचं सोनेरी चिन्ह. "आपल्या कुटुंबाच्या भावनांचा आम्ही आदर करतो. तथापि आमच्या नोंदींनुसार राष्ट्राध्यक्षांच्या कौटुंबिक स्मशानभूमीबाहेर या मालमत्तेत एकही दफन नाही." ओलिटानं ते दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, "एकही नाही? मग मी साठ वर्षं काय झाडत होते?"

म्हणून आज बस. बसचा पहिला थांबा राष्ट्राध्यक्षांचं लहानपणचं घर, दुसरा गुरांचा गोठा, तिसरा उत्तरेचा कोपरा. त्याला आता पत्रकात, तिथल्या निळ्या रानफुलांवरून, 'ब्लूबॉनेटचं कुरण' म्हणत होते.

घराच्या पायरीवर माहिती सांगायला उभा होता एल्रॉय ग्रोटे. प्रतिष्ठानाचा खाकी सदरा, छातीवर पितळी पट्टी. व्हर्लीननं त्याला ओळखलं आणि तिला उगीच हायसं वाटलं. ग्रोटे लोकांची जर्मन शेतं रँचला लागून होती. शाळेच्या बसमध्ये हा पुढच्या बाकावर बसायचा, आणि एप्रिलच्या जेवणाला आईचं बोट धरून यायचा.

"एल्रॉय, तू इथे?"

"रिटायर झालो ना. घरी बायको बसू देत नाही," तो हसला. मग त्याला मागे ओलिटा दिसली आणि हसू अर्ध्यातच राहिलं. "मिस ओलिटा. तुम्ही... बऱ्या दिसताय."

"मरतेय," ओलिटा म्हणाली. "तू चालू कर."

त्यानं चालू केलं. हा पलंग, राष्ट्राध्यक्ष इथे जन्मले. हे त्यांचे पहिले बूट. ही पाटी. लोक दोरीबाहेरून माना वाकवून बघत होते. व्हर्लीनला त्यातलं काही नको होतं. ती तिसऱ्या थांब्याची वाट बघत होती, आणि आईच्या श्वासाकडे कान लावून होती. मग सगळे स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

खिडकी पूर्वेला होती. फळीवर ओळीनं बाटल्या मांडल्या होत्या, आणि सकाळचं ऊन त्यांतून जाऊन ओट्यावर निळ्या पाण्यासारखं सांडलं होतं.

"राष्ट्राध्यक्षांच्या मातोश्रींना निळ्या काचेचा फार नाद," एल्रॉय सांगू लागला. "चौदा निळ्या बाटल्या आहेत बघा. आणि बरोबर मधे एक तपकिरी. मातोश्री मुलांना म्हणायच्या, प्रत्येक घरात एक जण वेगळ्या रंगाचा निघतो, त्याला कोपऱ्यात टाकू नये, मधे ठेवावं."

"किती गोड," एक बाई म्हणाली आणि तिनं फोटो काढला.

व्हर्लीननं मोजल्या. मोजायची गरज नव्हती. सात, एक, सात. तिचे कान तापले. लहानपणी प्रत्येक एप्रिलला तिचं काम तेच होतं: ओल्या फडक्यानं त्या बाटल्यांचे तळ पुसायचे. पोट साफ करायच्या औषधाच्या रिकाम्या निळ्या बाटल्या. रॉइस गेला तेव्हा क्रूसाला पैसे नव्हते, म्हणून ओलिटा दारोदार फिरली होती, बाटल्या मागत. चौदा मिळाल्या. पंधरावी काही मिळेना, तेव्हा ओलिटाच्या आईनं आपली ओढायची तपकीर ओतून टाकून तिची तपकिरी काचेची बाटली दिली. तोंड खाली, बूड वर, अशा त्या कबरीभोवती जमिनीत खोवल्या होत्या. घराला दगडी काठ असावा तसा काठ.

तिनं दोरी ओलांडली.

"व्हर्लीन, आत जाता येत नाही गं..."

तिनं तपकिरी बाटली उचलली आणि बुडाच्या कडेवरून बोट फिरवलं. तिथे चंद्रकोरीसारखा टवका उडालेला होता. नऊ वर्षांची असताना तिच्याच फावड्यानं उडवलेला. त्या दिवशी आईनं तिला आयुष्यातली एकुलती एक थोबाडीत दिली होती.

"आई," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "या रॉइसच्या आहेत."

ओलिटा दाराची चौकट धरून उभी होती. ती बाटल्यांकडे बघत नव्हती, एल्रॉयकडे बघत होती.

"एल्रॉय ग्रोटे," ती म्हणाली, "यातल्या तीन तुझ्या आईनं दिल्यात. चार वर्षांचा होईपर्यंत तुला आठ-आठ दिवस होत नसे. अख्ख्या खोऱ्याला ठाऊक होतं, तुझ्या घरावरून जाताना लोक तुझी चौकशी करायचे. त्या औषधाच्या बाटल्या आहेत या. राष्ट्राध्यक्षाच्या आईचं पोट बिघडलं होतं का?"

लोक हसले. फोटो काढणारी बाई सगळ्यात मोठ्यानं. एल्रॉयची मान लाल झाली.

"मिस ओलिटा, मला जे लिहून देतात ते मी वाचतो."

"कुठून आल्या?" व्हर्लीननं विचारलं.

"खोक्यातून. कुरणात बी टाकायच्या आधी ट्रॅक्टर फिरवला होता, तेव्हा निघाल्या म्हणे. ऑफिसातल्यांनी धुऊन पाठवल्या. गोष्ट कुणी लिहिली ते मला माहीत नाही."

"कुरणात निघाल्या. उत्तरेच्या कुरणात. आणि तू ओळखल्या नाहीस?"

त्यानं छातीवरची पितळी पट्टी सरळ केली.

"एल्रॉय, लेका, तू त्या ओकखाली बसून माझ्या आईच्या हातची अंडी खाल्लीस. त्या कबरीला टेकून बसलास म्हणून तुझ्या आईनं तुझा कान पिळला होता, मी पाहिलंय. तू ओळखल्या नाहीस?"

"मी विचारलं नाही," तो म्हणाला. अगदी हळू.

व्हर्लीनला वाटलं होतं, तो खोटं बोलेल. तिनं बाटली जागेवर ठेवली, कारण हातात राहिली असती तर तिनं ती कुणाला तरी मारली असती. मग बाहेर येऊन ड्रायव्हरच्या सीटमागचं फावडं ओढून काढलं.

"आजी, अजून गोठा व्हायचाय," ड्रायव्हर म्हणाला.

"गुरं मी पाहिलीत," ओलिटा म्हणाली. "आत्ताच आतमध्ये. आम्हाला कोपऱ्यावर सोड."

ड्रायव्हरनं एकदा घराकडे पाहिलं, एकदा तिच्या निळसर पडलेल्या ओठांकडे, आणि रिकामी बस चालू केली.

कुरण फुललं होतं. कुंपणापासून ओकपर्यंत निळंच निळं, आणि त्यात माणसं. टेक्ससमध्ये एप्रिल आला की आईबाप पोरांना इस्त्रीचे पांढरे कपडे आणि बूट चढवून ब्लूबॉनेटमध्ये बसवतात आणि फोटो काढतात. व्हर्लीनच्या भिंतीवरही तिच्या दोन्ही पोरांचे तसे फोटो आहेत. दहा-बारा कुटुंबं होती. कुणी खुळखुळा वाजवत होतं, कुणी "चीज म्हण, चीज" करत होतं. धोंडे नव्हते. क्रूस नव्हते. एकही नाही.

"कुठं गं?" ओलिटानं विचारलं. साठ वर्षांत पहिल्यांदा तिनं हे विचारलं होतं.

व्हर्लीन बघत राहिली. मग तिला दिसलं. फुलं सगळीकडे सारखी नव्हती. मधे मधे विरळ जागा होत्या, माणसाच्या लांबीच्या, ओळीत. साठ-साठ वर्षं खरवडून, थापून दगडासारखी झालेली माती. ट्रॅक्टरनं वरवर ओरखडे काढले असतील, पण बी धरलं नव्हतं. आणि लोकांनी पोरं नेमकी तिथेच बसवली होती. साहजिक होतं. फुलं चिरडायला नकोत.

ओकजवळची सगळ्यात छोटी विरळ जागा. तिथे एक मुलगी बसली होती, पांढरा झगा पसरून.

"उचला तिला," व्हर्लीन म्हणाली.

मुलीची आई दचकली. समोरच्या बाईच्या हातात फावडं होतं आणि चेहरा धड नव्हता. तिनं मुलीला उचललं. व्हर्लीननं पहिला घाव घातला आणि निळे तुरे मुळांसकट बाजूला उडाले.

मग जो गलका झाला! कुणाचं पाकीट मारलं असतं तरी झाला नसता.

"अहो, काय करताय? ब्लूबॉनेट तोडणं गुन्हा आहे!"

"तुरुंगात टाकतात, बाई!"

"लाज नाही वाटत? राज्याचं फूल आहे ते!"

"माझा भाऊ आहे खाली!" व्हर्लीन ओरडली आणि दुसरा घाव घातला. "तुमच्या राज्याच्या फुलाखाली माझा भाऊ आहे!"

ती खरवडत गेली. दरवर्षीसारखं हळू, बेतानं नाही, तर सहा वर्षांचं एकदम. फाटकावरून फिरलेली पाठ, सोनेरी चिन्हाचं पत्र, "किती गोड" म्हणणारी बाई, सगळं त्या पात्याखाली. मधेच कुणीतरी तिचा दंड धरला, तिनं झटकला. ओलिटा ओकच्या मुळावर बसली होती आणि म्हणत होती, "डोक्याकडून काढ. डोक्याकडून. किती वेळा सांगितलंय!"

काउंटीच्या पोलिसांची गाडी आली. उतरली ती डेप्युटी एस्कामिया, तिशीतली, केसांचा घट्ट बुचडा. दहा जणांनी तिला दहा तोंडांनी गुन्हा सांगितला.

"मॅम, फावडं खाली ठेवा."

"कोणत्या कलमाखाली?" व्हर्लीननं धापा टाकत विचारलं.

डेप्युटीनं गाडीतल्या रेडिओवरून ऑफिसला विचारलं. "ब्लूबॉनेट तोडल्याचं कलम कोणतं?" पलीकडे बराच वेळ खुडबुड झाली. मग आवाज आला, "नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"म्हणजे असा कायदाच नाहीये. मलाही आत्ताच कळलं. माझी आई सांगायची ना."

"माझीपण," डेप्युटी म्हणाली. गर्दीतले लोक एकमेकांकडे बघायला लागले. सगळ्यांच्याच आया सांगायच्या.

"पण जागा प्रतिष्ठानाची आहे," डेप्युटी सावरून म्हणाली. "मालक म्हणाला तर तुम्हाला जावं लागेल. आता, इथे कबर असेल तर गोष्ट वेगळी. कबर असेल तर नातेवाइकांना कुणी अडवू शकत नाही. पण त्यांच्या नोंदी म्हणतात, नाही."

"नोंदी," व्हर्लीन म्हणाली. "खाली बघा."

खोऱ्यातली माती पांढरी असते, चुनखडीची. खरवडलेला तुकडा उन्हात हाडासारखा दिसत होता. आणि त्याच्या कडेनं काळे ठिपके. बाटलीच्या बुडाएवढे गोल, एकेका वितीच्या अंतरावर. बाटल्या उपटल्यावर राहिलेली भोकं, नंतर काळ्या मातीनं भरलेली. पूर्ण चौकट नव्हती अजून, तीन बाजू निघाल्या होत्या. डेप्युटी गुडघ्यावर बसली. तिनं एका ठिपक्यात बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.

"किती आहेत?" तिनं विचारलं.

"पंधरा," ओलिटा ओकखालून म्हणाली. "चौथी बाजू होऊ दे, मोज."

चौथी बाजू झाली. डेप्युटीनं मोजले. मग परत मोजले, आणि वही काढून काहीतरी लिहू लागली. ती छोटी मुलगी आईच्या कडेवरून वाकून बघत होती.

"केवढी आहे ही?" ओलिटानं विचारलं.

"साडेतीन," तिची आई म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मॅम, आम्हाला खरंच माहीत नव्हतं."

"तुला कुठून असणार," ओलिटा म्हणाली. "तुझं काही नाही त्यात. ज्याला माहीत होतं तो येतोय बघ."

कुरणाच्या पायवाटेवरून एल्रॉय ग्रोटे येत होता, धापा टाकत, टोपी पोटाशी धरून. जवळ आला तेव्हा दिसलं, टोपीत बाटल्या होत्या. निळ्या. तीन.

"या माझ्या आईच्या," तो म्हणाला. "एवढ्या मला माझ्या म्हणता येतील. विचारलं तर सांगेन, माझ्या आईच्या होत्या, मी नेल्या."

व्हर्लीननं एक घेतली, तोंड खाली करून ठिपक्यात घातली आणि तळहातानं दाबली. बाटली आत गेली. बूड तेवढं वर राहिलं, निळं, डोळ्यासारखं. डेप्युटीचं लिहिणं थांबलं.

"आणि बाकीच्या बारा?" व्हर्लीन म्हणाली.

"त्यांच्यावर नंबर टाकलेत, व्हर्लीन. यादीत आहेत. मी..." तो डेप्युटीकडे बघायला लागला, जणू तिनं वाक्य पुरं करावं.

एक क्षण व्हर्लीनला त्याची कीवही आली. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, टोपीत आपल्या आईच्या तीन बाटल्या घेऊन, बरोबर तेवढ्याच चोरायचं धाडस करून आलेला. मग कीव गेली आणि राग होता तिथेच होता. बरं वाटलं तिला. या रागाला अजून काम होतं. अठरा कबरी बाकी होत्या.

"डेप्युटी," ती म्हणाली, "वहीत काय लिहिलंत?"

एस्कामियानं वहीकडे पाहिलं. "कबर. एक. लहान मुलाची."

"मग त्या कबरीचं सामान त्या घरात खिडकीत मांडलंय. मी ते आणायला चाललेय. तुम्ही बरोबर या, नाहीतर मागून या."

डेप्युटीनं वही खिशात घातली. "फावडं इथेच ठेवा, मॅम."

व्हर्लीननं दांडा आईच्या हातात दिला. ओलिटानं तो दोन्ही हातांनी धरला, त्यावर भार टाकून उठली आणि रॉइसच्या डाव्या अंगाला, अजून फुलांनी भरलेल्या जागेवर जाऊन उभी राहिली. लांबीचा अंदाज घ्यावा तसं तिनं एकदा आपल्या पायांकडे पाहिलं. मग पातं जमिनीला लावलं.

"व्हर्लीन," ती वर न बघता म्हणाली, "आधी तपकिरी आण. माझ्या आईची आहे ती. आणि एल्रॉय, तू असा खांबासारखा उभा राहू नकोस. तुझ्या वयाचा होता तो. वाक, आणि डोक्याकडून काढायला लाग."